बैकोनूरला सोयूझचं उड्डाण पाहायचं असेल तर

सोयूझ एमएस-27 या रशियन यानातले तिघं अंतराळवीर 9 डिसेंबर 2025 ला कझाकस्तानच्या मैदानात सुखरूप उतरले आणि मी हे लिहायला घेतलं. त्यांचं उड्डाण मी 8 एप्रिलला बैकोनूरच्या अंतराळ तळावर जाऊन पाहिलं होतं. परत आल्यापासून बरेच जण विचारतायत: परवानगी कुठून काढलीस, खर्च किती आला, एकट्या बाईला जमतं का? तेव्हाच लिहिता आलं असतं, पण ते खाली येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. अंतराळ स्थानकावर जाणाऱ्या सोयूझचं उड्डाण म्हणजे तिथल्या अंतराळवीरांची पाळी बदलण्याचा अर्धा भाग असतो. नवे तीन वर जातात, जुने तीन खाली येतात, आणि नवे परत येईपर्यंत ते काम पुरं झालेलं नसतं. नोव्हेंबर 2000 पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही, ते या पाळ्यांच्या जोरावर. मला रॉकेटइतकीच ही पाळी जवळून पाहायची होती.

पहिला प्रश्न कुठलं उड्डाण गाठायचं हा. माणसं नेणारी सोयूझ सध्या वर्षाला एक-दोनच सुटतात. फ्लोरिडाला जाऊन स्पेसएक्सचं उड्डाण पाहता येतं, पण तिथे प्रेक्षक बरेच किलोमीटर लांब असतात. बैकोनूरला दीड-दोन किलोमीटरवर उभं राहता येतं, शिवाय रॉकेट रुळावरून उड्डाणाच्या पॅडकडे जातानाही पाहता येतं. एप्रिलचं उड्डाण निवडलं त्याचं कारण हवामान. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे कडाक्याची थंडी असते.

परवानगीबद्दल आधी एक गोष्ट समजून घ्या. बैकोनूर कझाकस्तानात असलं तरी तळ आणि शहर दोन्ही रशियाने 2050 पर्यंत भाड्याने घेतलंय. वर्षाचं भाडं साडेअकरा कोटी डॉलर. त्यामुळे दोन देशांचा विचार करावा लागतो. कझाकस्तानात भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तो भाग सोपा. तळावर शिरायला मात्र रशियन बाजूची वेगळी परवानगी लागते आणि ती आपली आपण काढता येत नाही, मान्यता असलेल्या पर्यटन एजन्सीमार्फतच निघते. आयत्या वेळी विमानतळ असलेल्या किझिलोर्दा शहरात पोचून टॅक्सी करू म्हटलं, तर बैकोनूर शहराच्या चेकपोस्टवरूनच परत पाठवतात.

मी एजन्सी ऑक्टोबर 2024 मध्ये शोधायला घेतली. दोन-तीन ठिकाणी ईमेल केले. ज्यांनी पहिल्याच उत्तरात उड्डाण पुढे गेलं तर काय होतं हे स्पष्ट लिहिलं, त्यांना निवडलं. माझ्या मते हाच एक निकष पुरे. उड्डाण पुढे जाणं ही नुसती शक्यता नाही. 21 मार्च 2024 ला एमएस-25 चं उड्डाण सुटायला जेमतेम 20 सेकंद उरले असताना थांबलं, विजेच्या पुरवठ्यात बिघाड होता, आणि यान 23 तारखेला गेलं. ज्यांचं परतीचं विमान 22 चं होतं त्यांचं काय झालं असेल याचा विचार मी तिकीट काढताना सतत करत होते. परतीचं तिकीट उड्डाणानंतर निदान तीन दिवसांनी ठेवा आणि बदलता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी.

अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला दिला. पासपोर्टचं रंगीत स्कॅन, घरचा पत्ता, शिक्षण, नोकरीचं ठिकाण आणि हुद्दा, ऑफिसचा फोन, पूर्वी रशियाला गेलात का, असा तो फॉर्म आहे. साधारण दोन महिने आधी तो पोचावा लागतो. ज्या पासपोर्टवर अर्ज केला तोच घेऊन जावं लागतं. मध्ये नूतनीकरण केलं की नंबर बदलतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून मुदत संपत आली असेल तर आधी पासपोर्ट नवा करा. नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आहे, ते फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात घालायचं हे एजन्सीला विचारूनच भरलं.

पैसे पाठवणं हे अर्जाहून किचकट निघालं. परदेशी एजन्सीच्या खात्यात रक्कम पाठवायची म्हणजे बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म, पॅन, एजन्सीचं बिल, प्रवासाचा कार्यक्रम. बिलावर बैकोनूर हे नाव आणि खाली रशियन परवानगीचा उल्लेख पाहून शाखेतल्या साहेबांनी ते वर पाठवलं. तिथून शंका आली: पैसे नक्की कुठल्या देशात जातायत? खातं कझाकस्तानातल्या बँकेचं होतं, ते बिलावर छापलेलंही होतं. तरी मी एजन्सीकडून तसं पत्र मागवून दिलं, मग सुटलं. हे पत्र आधीच मागून ठेवा. सहलीच्या पॅकेजवर 5 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा कर, कापला गेला. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, प्रमाणपत्र जपून ठेवा. पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास पडलं. विमानं, विमा, अल्माटीतला मुक्काम, गरम कपडे धरून सगळा खर्च पाच लाखांच्या घरात गेला. रक्कम मोठी आहे, मी तीन वर्षं त्यासाठी आवर्ती ठेव भरत होते.

मग वाट पाहणं. ‘अर्ज मिळाला’ एवढा एक ईमेल आला आणि त्यानंतर काहीच नाही. फेब्रुवारी संपताना, 28 तारखेला, त्याच पॅडवरून प्रोग्रेस एमएस-30 हे मालवाहू यान सुटलं. त्यात अडीच टनांहून जास्त सामान होतं: इंधन, पाणी, खाणं, प्रयोगांचं साहित्य. मी ते रात्री फोनवर पाहिलं. अनेकांना वाटतं माणसांचं यान जाताना सगळी रसद सोबत नेतं. सोयूझमध्ये तीन माणसं बसल्यावर फार थोडी जागा उरते. वजनदार सामान प्रोग्रेससारख्या यानांनी आधीच पोचवलेलं असतं. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की आपली परवानगी आली नाही तरी ही साखळी आपल्याला समजायला लागलीय, आणि थोडं बरं वाटलं. परवानगी मार्चच्या मध्यावर आली. कामावर होते, जिन्यात जाऊन दादाला फोन केला. तो म्हणाला, “आता आईला तू सांग, मी नाही सांगणार.”

दिल्लीहून अल्माटीला थेट विमान आहे. तिथून देशांतर्गत विमानाने किझिलोर्दा आणि पुढे तीनेक तास गाडी. घड्याळाचा त्रास अजिबात नाही, बैकोनूर आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे. रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना मोकळं माळरान, मधूनच उंट. एप्रिलमध्ये तिथे रानटी ट्युलिप फुलतात, बुटके, पिवळे. शहराच्या चेकपोस्टवर गाइडने यादी दिली. शिपायाने प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून चेहऱ्याशी ताडून पाहिला. इथे फोटो काढायचा नाही, फोन खिशातच ठेवायचा. ड्रोन घेऊन येऊ नका. तळावर गाइडशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही. हा नियम सुरुवातीला जाचक वाटतो, पण आमच्या गाइड बाईंना प्रत्येक फाटकावरचा माणूस ओळखत होता आणि त्यामुळे पुष्कळ वेळ वाचला.

5 एप्रिलला पहाटे अंधारातच निघालो. रॉकेट असेंब्लीच्या इमारतीतून सकाळी सातच्या सुमाराला बाहेर काढतात. बैकोनूरचा बेत आखताना एकच दिवस मिळणार असेल तर काय पाहावं असं कुणी विचारलं, तर मी उड्डाणाच्या आधी हा दिवस सांगेन. डिझेल इंजिनाला जोडलेल्या वाघिणीवर रॉकेट आडवं झोपवलेलं, आणि चालत्या माणसाच्या गतीने ते आपल्या समोरून जातं. दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाला 80 वर्षं झाली म्हणून त्यावर खास रंगकाम होतं. मी मात्र मागची बाजू बघत राहिले. मध्ये एक आणि भोवती चार अशी पाच इंजिनं, प्रत्येकाला चार नळ्या, म्हणजे वीस मोठी तोंडं. शिवाय दिशा सांभाळायला बारा छोटी. मधमाशांच्या पोळ्यासारखी ती रचना इतकी जवळून दिसते की नळीच्या कडेवरची जोडकामाची रेघसुद्धा मोजता येते. हीच मांडणी 1957 साली स्पुतनिक नेणाऱ्या रॉकेटची होती. बाकी बरंच बदललं, हे टिकलं कारण ते चालतंय.

रुळावर नाणी ठेवायची तिथे पद्धत आहे. इंजिन गेल्यावर लोक चपटी नाणी वेचत होते. ज्या तिघांसाठी हे सगळं चाललेलं असतं ते मात्र तिथे नसतात. रॉकेट बाहेर निघताना अंतराळवीरांनी पाहणं अशुभ मानतात, ते त्या वेळी केस कापून घेतात. मी एरवी असल्या समजुतींना फार किंमत देणारी नाही. पण आठ महिने पृथ्वीबाहेर जाणाऱ्या माणसाला आधीच्या सगळ्यांनी केलेलं तेच आपणही करावंसं वाटत असेल, तर ते मला पूर्ण पटतं.

पॅडवर पोचल्यावर रॉकेट उभं करायला फार वेळ लागत नाही. मग सेवा-मनोरे दोन्ही बाजूंनी वर येऊन त्याला कवेत घेतात. हा पॅड म्हणजे 31 क्रमांकाचा. गागारीन जिथून गेला तो पहिला पॅड 2019 पासून बंद आहे. आपल्यासाठी 31 चं महत्त्व वेगळं. 3 एप्रिल 1984 ला राकेश शर्मा इथूनच गेले, मालिशेव आणि स्त्रेकालोव यांच्याबरोबर, सोयूझ टी-11 मधून. सप्टेंबर 1983 मध्ये पहिल्या पॅडवर रॉकेट पेटलं होतं, त्यातले दोघं अंतराळवीर सुटका-यंत्रणेमुळे वाचले, पण पॅड नादुरुस्त झाला, म्हणून उड्डाणं 31 वर आली. आणि शर्मांचं उड्डाणही अदलाबदलीचंच होतं. ते टी-11 ने सॅल्यूत-7 या सोव्हिएत स्थानकावर गेले आणि 11 एप्रिलला टी-10 ने परतले. सोयूझची कक्षेत राहण्याची मुदत ठरलेली असते. पाहुण्यांनी ताजं यान तिथल्या मुक्कामी लोकांसाठी ठेवायचं आणि जुनं घेऊन यायचं. त्यासाठी आसनातले साचे इकडून तिकडे हलवावे लागतात, कारण प्रत्येकाच्या पाठीच्या मापाने तो बनवलेला असतो. गाइड बाईंना मी हे विचारलं तेव्हा त्या एकदम खुलल्या, आणि पुढचा सगळा वेळ मला रॉकेटबद्दल बारीकसारीक सांगत राहिल्या. ठिकाणाचा थोडा अभ्यास करून जा, तिथली माणसं दुप्पट देतात.

मधल्या दिवशी संग्रहालय, बुरान हे सोव्हिएत शटल यान, गागारीन आणि रॉकेटचे मुख्य रचनाकार कोरोल्योव राहिले त्या शेजारशेजारच्या बैठ्या खोल्या. सुंदर आहे, पण त्याची माहिती सगळीकडे मिळते. 7 तारखेला पॅडवर पाद्री येऊन रॉकेटवर पवित्र पाणी शिंपडून गेले. अंतराळवीर विलगीकरणात असतात, त्यांची पत्रकार परिषद काचेआडून होते. आम्हा पर्यटकांना तिथे प्रवेश नव्हता.

खाण्याचं सांगून टाकते. मी शाकाहारी. सकाळी कुट्टूच्या दाण्यांची ग्रेच्का नावाची लापशी, पाव, चीज, लोणी मिळतं. दुपारी-रात्री सूपही मटणाचं असतं. सोबत नेलेले मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी कामाला आली. शहरात रोख लागते, माझं कार्ड चाललं नाही. रूबल आणि तेंगे दोन्ही घेतात. माळावर स्वच्छतागृह मोजक्याच ठिकाणी, तेव्हा जिथे दिसेल तिथे जाऊन यायचं. वारा बोचरा असतो. कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट हवंच, नुसता स्वेटर पुरत नाही.

8 एप्रिल. उड्डाण स्थानिक वेळेनुसार 10 वाजून 47 मिनिटांनी. पहाटे अंतराळवीरांच्या हॉटेलबाहेर गर्दी होती. मग पोशाख चढवण्याच्या इमारतीबाहेर थांबलो. सेर्गेई रिझिकोव, अलेक्सेई झुब्रित्स्की आणि नासाचे जॉनी किम पांढऱ्या पोशाखात, हातात हवेच्या पंख्याची पेटी धरून, किंचित वाकून चालत बाहेर आले. तो पोशाख आसनात बसण्यासाठी शिवलेला असतो, उभं राहून ताठ चालता येत नाही. जमिनीवर रंगवलेल्या चौकटींत उभं राहून त्यांनी ‘आम्ही तयार आहोत’ असं अधिकाऱ्यांना सांगितलं आणि बसकडे गेले. रिझिकोव यांचं हे तिसरं उड्डाण, इतर दोघांचं पहिलं. कुणाच्या तरी खांद्यावर बसलेलं एक मूल बसच्या काचेकडे सारखं हात हलवत होतं. आतून एका हातमोज्याने तेवढाच वेळ उत्तर दिलं.

अमेरिकी अंतराळवीर रशियन यानात का, असं आमच्या गटात एकाने विचारलं. दोन्ही देश एकमेकांच्या यानात एक-एक माणूस पाठवतात. उद्या एका बाजूचं यान जमिनीवर अडकलं, तर स्थानकाचा आपापला भाग चालवायला दोन्हीकडचा किमान एक माणूस वर असावा. त्याच वेळी वर किरिल पेस्कोव हे रशियन अंतराळवीर स्पेसएक्सच्या यानातून पोचलेले होते. जमिनीवर काहीही चालू असो, हा करार पाळला जातोय, हे मला त्या माळावर उभं असताना फार मोलाचं वाटलं.

निरीक्षणाच्या जागेवर पोचलो तेव्हा मनोरे अजून वर होते. थंडगार प्राणवायूमुळे रॉकेट पांढरं पडलेलं, बाजूने वाफ. पाऊण तास आधी मनोरे खाली झुकले आणि ते एकटं उभं राहिलं. रशियन पद्धतीत मोठ्याने उलटी गिनती नसते. ध्वनिक्षेपकावर एकेक टप्पा जाहीर होतो, आणि मग बुडाशी नारिंगी उजेड दिसतो. आवाज चार-पाच सेकंद येतच नाही. यान हलायला लागलेलं असतं आणि आपण अजून वाऱ्याचाच आवाज ऐकत असतो. मग तो येतो, आधी पायांतून, मग छातीत, फडफडत. मी फोन खाली ठेवला होता. हे एवढं माझं ऐका: चित्रण करू नका, त्या दिवशीची चित्रणं नासा आणि रशियाची अंतराळ संस्था रॉसकॉसमॉस दोघांकडे आपल्यापेक्षा चांगली असतात. दोन मिनिटांनी चारही बाजूंचे बूस्टर सुटले, चार ठिपके फुलासारखे बाजूला झाले. त्यानंतर एक बारीक तारा, आणि मग नुसतं आकाश. साधारण नऊ मिनिटांत यान कक्षेत पोचल्याचं जाहीर झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात थरथरत होते, शेजारच्या अनोळखी आजींनी ते धरून ठेवले.

डॉकिंगला पूर्वी दोन दिवस लागत. आता दोन प्रदक्षिणांत पोचतात. आम्ही शहरात परतून जेवायला बसलो आणि 1 वाजून 57 मिनिटांनी यान स्थानकाच्या प्रिचाल भागाला जोडलं गेलं. पण दार लगेच उघडत नाही. जोड हवाबंद आहे का, दाब समान आहे का, हे तपासत अडीचेक तास जातात. गटातले बरेच जण तोवर झोपायला गेले. मी बसून राहिले, कारण मला ते दार उघडताना पाहायचं होतं. उघडलं, आणि तिघं तरंगत आत गेले. वर सात जण होते, दहा झाले.

पुढचं घरून पाहिलं. बारा दिवस जुन्यांनी नव्यांना काम समजावून दिलं आणि 20 एप्रिलला ओवचिनिन, वागनर आणि डॉन पेटिट एमएस-26 मधून उतरले. पेटिट त्याच दिवशी 70 वर्षांचे झाले. 26 जूनला शुभांशू शुक्ला स्थानकावर पोचले, तेव्हा त्यांचं स्वागत करणाऱ्यांत रिझिकोव, झुब्रित्स्की आणि किम होते. ते दृश्य पाहताना मी टीव्हीसमोर उभीच राहिले. 27 नोव्हेंबरला त्यांची जागा घ्यायला एमएस-28 गेलं, आणि आपल्या उड्डाणानंतर 245 दिवसांनी ते तिघं खाली आले.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. एमएस-28 सुटल्यावर 31 क्रमांकाच्या पॅडवरचा रॉकेटखालचा सेवा-मंच ज्वाळांच्या खड्ड्यात कोसळला. यान सुखरूप पोचलं, पण पॅडचं नुकसान झालं, आणि रशियाला सोयूझमधून माणसं पाठवायला वापरात असलेला हा एकमेव पॅड. तेव्हा एजन्सीला पहिला प्रश्न पॅड दुरुस्त होऊन त्यावरून उड्डाण झालंय का, हा विचारा. उत्तर लेखी घ्या. रॉसकॉसमॉसने जाहीर केलेल्या उड्डाणाच्या तारखेशी ते ताडून पाहा, आणि आगाऊ रकमेचा ए-2 फॉर्म त्यानंतरच भरा.